एकाच नावाचे दोघे

मुलांनो, आज सुरुवातीलाच तुम्हाला एक वाक्य वाचायला देते. नीट वाचा बरं का!

"आंब्याचं रूपांतर आंब्यात करता येत नाही."

हसलात ना? "आंबा तर आंबाच आहे, त्याचं आणखी काय रूपांतर करायचं?" असंच म्हणाल तुम्ही. पण अगदी असंच वाक्य एका संगणकानं आमच्यापुढे लिहून दाखवलं होतं. फक्त त्यात आंब्याच्या जागी दुसरंच एक लांबलचक नाव होतं. आणि गंमत म्हणजे संगणक चुकला नव्हता. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं! ते कसं, हेच आज सांगायचं आहे. तुमच्यातले मोठे, आठवी-नववीतले, संगणकावर प्रोग्रॅम लिहू लागले असतील. त्यांना हे वाक्य कधी ना कधी भेटणारच. लहानांनीही घाबरून पान उलटू नये. मीसुद्धा प्राथमिक शाळेची शिक्षिका. डीएड झाले आणि फळ्यापुढे उभी राहिले. संगणकाचं शास्त्र काही मी कॉलेजात शिकलेले नाही. जे मला समजलं ते तुम्हाला नक्की समजेल.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. दसरा झाला की गावात ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ऊसतोडीला निघालेली माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. घरी आजी-आजोबा असले, किंवा गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं, तर मुलं मागे राहतात. नाहीतर तीही बिऱ्हाडाबरोबर ट्रॉलीत बसतात. मग शाळा मध्येच सुटते. कारखान्याजवळच्या शाळेत नाव घातलं तरी तिथल्या गुरुजींना कळायला मार्ग नसतो, की हे मूल कुठवर शिकलंय. घडाघडा वाचणाऱ्या पोरीला पुन्हा 'क कमळाचा' गिरवायला लागतं. ती कंटाळते, आणि हळूहळू शाळेत जायचीच थांबते.

यावर उपाय म्हणून आमच्या केंद्रातल्या शाळांनी एक वेबसाइट वापरायला घेतली होती. मुलाचं नाव, इयत्ता, वाचन कुठवर आलं, हातच्याची वजाबाकी जमते की नाही, सारं तिच्यात नोंदवायचं. मूल निघालं की एक पान छापून त्याच्या दप्तरात ठेवायचं. तिकडच्या शाळेनं पानावरचा क्रमांक घातला, की जूनपासूनची सगळी नोंद समोर हजर! ही वेबसाइट तयार केली होती माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं. मी नवीन नवीन नोकरीला लागले तेव्हा ती चौथीत होती. आता पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. "बाई, माझं नाव नका हं छापू," असं तिनं बजावलंय. म्हणून आपण तिला संगणकताई म्हणू.

२०२३ च्या ऑक्टोबरात ही वेबसाइट जुन्या भाड्याच्या सर्व्हरवरून हलवायची ठरली. एका संस्थेनं आपल्या सर्व्हरवर फुकट जागा दिली होती. सर्व्हर म्हणजे अखंड चालू राहणारा संगणक, ज्याच्यावर वेबसाइट राहते. हलवाहलव झाली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहतो तर पान उघडेना! पडद्यावर नुसता आकडा, ४०४. म्हणजे 'सापडत नाही'. आमच्या शाळेतली एकोणीस मुलं दोन दिवसांनी निघणार होती.

संगणकताई सणाला गावी आली होती, हे आमचं नशीब. "नोंदी कुठे गेल्या नाहीत बाई," ती म्हणाली, "त्या डेटाबेसमध्ये शाबूत आहेत. फक्त कपाटाचं दार उघडत नाहीये." पण दार उघडल्याशिवाय पानं कशी छापायची? आणि कारखान्याकडच्या शाळांनी तरी क्रमांक कुठे घालायचा? आम्ही शिक्षकांनी आठवेल तसं हातानं लिहायला घेतलं, आणि ताई लॅपटॉप घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसली, कारण मोबाइलची रेंज तिथेच येते.

सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो. तिला 'लॉग' म्हणतात. ताईनं पहिली रोजनिशी उघडली. त्यात एवढंच होतं, की सुरुवातीची काही कामं पार पडली नाहीत, तपशील दुसऱ्या रोजनिशीत पाहा. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि डोकं खाजवत बसतात. ताईनं मुकाट्यानं दुसरी उघडली. तिथे ते वाक्य होतं:

"ऑर्ग.अपाचे.टॉमकॅट.जेडीबीसी.पूल.डेटासोर्स याचं रूपांतर ऑर्ग.अपाचे.टॉमकॅट.जेडीबीसी.पूल.डेटासोर्स यात करता येत नाही."

मी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. वह्या तपासायची सवय ना! पण एका टिंबाचाही फरक नव्हता. "अगं, हे तर एकच आहे," मी म्हटलं.

ताई हसली. म्हणाली, "नाव एकच आहे बाई, पण आणणारा वेगळा आहे."

आता या उत्तराचा अर्थ कळायला आपल्याला थोडं मागे जायला हवं.

ही वेबसाइट जावा नावाच्या भाषेत लिहिलेली होती. जावा ही माणसांनी बोलायची भाषा नव्हे, संगणकाला सूचना द्यायची भाषा. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तिचं काम हाती घेतलं. गॉस्लिंग यांच्या कचेरीबाहेर ओकचं झाड होतं, म्हणून आधी तिचं नाव ठेवलं 'ओक'. पण ते नाव दुसऱ्या कुणी आधीच घेतलेलं निघालं. मग 'जावा' हे कॉफीवरून आलेलं नाव पक्कं झालं, आणि १९९५ मध्ये ती जगापुढे आली. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीनं सन विकत घेतली, तेव्हापासून जावाचा कारभार ओरॅकलकडे आहे.

जावातला प्रोग्रॅम एकसलग नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी लिहितात. एकेका तुकड्याला म्हणतात 'क्लास'. शाळेतला वर्ग नव्हे हं! प्रत्येक क्लासची वेगळी फाइल होते. या फाइलीची एक खूण आहे. संगणकवाल्यांच्या सोळा अंकी पद्धतीत शून्य ते नऊ या अंकांनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरंसुद्धा अंक म्हणून वापरतात. जावाच्या प्रत्येक क्लास फाइलीचे पहिले चार बाइट या पद्धतीनं वाचले, तर शब्द तयार होतो 'कॅफेबेब'! कॉफीच्या नावाच्या भाषेला शोभेल अशीच ही मुद्रा.

असे शेकडो क्लास एकत्र बांधून ठेवायच्या गाठोड्याला 'जार' म्हणतात. जावा आर्काइव्ह या शब्दांचं ते छोटं रूप. पण इंग्रजीत जार म्हणजे बरणीही होते, तेव्हा आपण बरणीच म्हणू. लोणच्याच्या फोडींसारखे क्लास बरणीत भरून ठेवलेले असतात. एकानं भरलेली बरणी दुसऱ्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येते. दोघांनी एकच नाव ठेवून घोटाळा करू नये म्हणून नावं लांबलचक ठेवायची रीत आहे. आपण पत्ता लिहितो तो उलटा लिहिला तर कसा दिसेल? महाराष्ट्र, बीड, तालुका, गाव, घर. तसंच ते 'ऑर्ग.अपाचे.टॉमकॅट' वगैरे.

प्रोग्रॅम सुरू झाला की सगळ्या बरण्या एकदम उपसत नाहीत. जो क्लास लागेल तो, लागेल तेव्हाच आणतात. आणणाऱ्याचं नाव क्लासलोडर. हा आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस!

क्लासलोडर एकच नसतो. त्यांचं घराणं असतं. सगळ्यांत वर आजी. ती जावाचे स्वतःचे मूळ क्लास सांभाळते. मध्ये आई. खाली मुलगी, जी आपण लिहिलेले क्लास आणते. मुलीकडे कुणी काही मागितलं तर ती आधी आईला विचारते, आई आजीला विचारते. आजीच्या डब्यात असलं तर तिथूनच द्यायचं. नसलं तर आईनं बघायचं. तिच्याकडेही नसलं तरच मुलीनं आपला डबा उघडायचा. 'आधी मोठ्यांना विचार' ही रीत जावात १९९८ च्या आवृत्तीपासून आहे. यात एक मोठी सोय आहे. अक्षरांच्या ओळी सांभाळणारा 'स्ट्रिंग' नावाचा जावाचा मूळ क्लास आहे. कुणी लबाडीनं त्याच नावाचा खोटा क्लास घुसवायला गेलं, तर त्याची डाळ शिजत नाही. आजीचाच खरा स्ट्रिंग पुढे येतो.

पण वेबसाइटच्या सर्व्हरवर गोष्ट जरा बदलते. जावाच्या वेबसाइट चालवणारा एक प्रसिद्ध प्रोग्रॅम आहे, टॉमकॅट. टॉमकॅट म्हणजे बोका! जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो सन कंपनीत असताना लिहायला घेतला, आणि १९९९ मध्ये कंपनीनं तो अपाचे संस्थेला देऊन टाकला. स्वतःचं स्वतः बघणारा प्राणी म्हणून डेव्हिडसन यांनी बोक्याचं नाव निवडलं, असं सांगतात.

हा टॉमकॅट म्हणजे एक जुना वाडा आहे असं समजा. वाड्यात अनेक बिऱ्हाडं. एकेक बिऱ्हाड म्हणजे एकेक वेबसाइट. वाड्याचं एक सामाईक कोठीघर आहे, त्याचं नाव 'लिब'. त्यातल्या बरण्या सगळ्यांना खुल्या. शिवाय प्रत्येक बिऱ्हाडाची स्वतःची फडताळं आहेत, 'वेब-इन्फ' नावाच्या खोलीत. एका फडताळात घरचे सुटे क्लास, आणि दुसऱ्यात, म्हणजे त्या खोलीतल्या 'लिब'मध्ये, आपापल्या बरण्या. आणि प्रत्येक बिऱ्हाडाला आपापला वेगळा क्लासलोडर.

आता नियम बघा. बिऱ्हाडाच्या क्लासलोडरला काही हवं असलं, तर जावाचे मूळ क्लास तो आजीकडूनच घेतो. ती शिस्त इथेही मोडत नाही. पण बाकीच्या वस्तूंसाठी तो आधी स्वतःच्या फडताळात बघतो, आणि तिथे नसेल तरच कोठीघरात जातो. म्हणजे घराण्याची रीत इथे उलटी झाली! का बरं? कारण एका बिऱ्हाडाला जुन्या पद्धतीचं लोणचं हवं असतं, शेजारच्याला नव्या. दोघांनी आपापली बरणी आणावी, कुणी कुणाच्या ताटात हात घालू नये. म्हणून हा नियम. तो आहे म्हणूनच एका सर्व्हरवर अनेक वेबसाइट गुण्यागोविंदानं नांदतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. इथे लक्ष द्या हं! जावाच्या दृष्टीनं क्लासची ओळख नुसत्या नावानं ठरत नाही. नाव आणि आणणारा क्लासलोडर, दोन्ही मिळून ओळख ठरते. आमच्या शाळेत दोन गणेश आहेत, एक तिसरीत, एक चौथीत. नाव एकच. पण तिसरीतल्या गणेशचं प्रगतिपत्रक चौथीतल्या गणेशच्या हातात दिलं तर चालेल का? त्यांची नावं वेगवेगळ्या हजेरीपटांवर आहेत! तसंच एका क्लासलोडरनं कोठीघरातून आणलेला 'डेटासोर्स' आणि दुसऱ्यानं फडताळातून आणलेला 'डेटासोर्स' हे जावाला दोन वेगळे क्लास. दोन्ही बरण्या एकाच दिवशी, एकाच हातानं भरलेल्या असल्या तरीही!

तर आमच्या व्हरांड्यात काय झालं होतं?

वेबसाइटला डेटाबेसशी बोलायला 'जोडणी' लागते. दर वेळी नवी जोडणी करायला वेळ जातो. म्हणून काही जोडण्या तयारच ठेवतात. भाड्याच्या सायकलींच्या दुकानासारखं. आलात, सायकल घ्या, काम झालं, परत आणून लावा. हे दुकान चालवणारा क्लास म्हणजे तो डेटासोर्स. जुन्या सर्व्हरवर आमची वेबसाइट हे दुकान स्वतःच मांडत होती, स्वतःच्या फडताळातल्या बरणीतून. त्याच नावाचा क्लास टॉमकॅटच्या कोठीघरातही होता, कारण टॉमकॅटबरोबर ती बरणी आयतीच येते. पण त्याला कुणी हाक मारत नव्हतं. तिसरीतला गणेश तिसरीत, चौथीतला चौथीत. भांडणाचा प्रश्नच नव्हता.

नव्या सर्व्हरवर संस्थेची पद्धत वेगळी होती. सायकलींचं दुकान वाडाच चालवायचा, सगळ्या बिऱ्हाडांसाठी एकच. वाडा उघडतानाच, कोठीघरातल्या बरणीतून, ते मांडलं जायचं. पद्धत चांगलीच होती, आणि ताईनंही वेबसाइट तिच्याप्रमाणे बदलून घेतली होती. वेबसाइट सुरू होताना वाड्याकडे दुकान मागायची. वाडा द्यायचा. पण मग वेबसाइट म्हणायची, "हे माझ्या ओळखीचं डेटासोर्सचं दुकान आहे असं धरते, म्हणजे किती सायकली बाहेर गेल्यात ते मला मोजता येईल." आणि 'माझ्या ओळखीचं' ठरवायला ती बघायची स्वतःच्या फडताळातली बरणी! जावा म्हणाला, "नाही. हा गणेश तुझ्या हजेरीपटावरचा नव्हे." झालं, वेबसाइट उठायच्या आतच बसली.

अर्थात हे सगळं ताईला आधीच ठाऊक होतं असं नाही. तिला संशय होता. तो तिनं कसा पडताळला, ते मला फार आवडलं. अंदाजानं तिनं एकही बरणी हलवली नाही. नुसता प्रश्न विचारला. जिथे गाडी अडत होती त्याच्या बरोब्बर आधी तिनं चार ओळी घातल्या. वाड्यानं दिलेल्या वस्तूला विचारलं, "तुला कोणत्या क्लासलोडरनं आणलं? कोणत्या फाइलीतून?" आणि आपल्या ओळखीच्या क्लासलाही तेच दोन प्रश्न विचारले. जावात तशी सोय आहे. रोजनिशीत चार उत्तरं उमटली. पहिल्याला आणणारा वाड्याचा क्लासलोडर, बरणी कोठीघरातली. दुसऱ्याला आणणारा बिऱ्हाडाचा क्लासलोडर, बरणी वेब-इन्फमधली. पुरावा समोर!

"आता दोनांतली एक बरणी जायला हवी," ताई म्हणाली. "कुठली, सांगा बाई?"

मी विचार केला. दुकान वाड्याचं. मग त्याची बरणीही वाड्याचीच राहायला हवी. कोठीघरातली काढली तर सगळ्या बिऱ्हाडांचं दुकान बंद पडेल. "आपली काढ," मी म्हटलं.

"शाब्बास!" असं मला माझ्याच विद्यार्थिनीनं म्हटलं. मुलांनो, फार बरं वाटलं!

बरणी नुसती हातानं उचलून चालत नाही, कारण पुढच्या वेळी वेबसाइट बांधताना ती पुन्हा आत येते. जावाचे प्रोग्रॅम बांधायला 'मेव्हन' नावाचं साधन वापरतात. त्याच्या यादीत कोणत्या बरण्या हव्यात ते लिहिलेलं असतं. त्या यादीत ताईनं या बरणीपुढे एक शेरा मारला, 'प्रोव्हायडेड'. म्हणजे 'ही वस्तू यजमानाकडे मिळेल, बरोबर घेऊ नये'. सहलीच्या सूचनेत आम्ही लिहितो ना, 'जेवणाची सोय तिथे आहे, डबा आणू नये', तसंच! प्रोग्रॅम लिहिताना आणि तपासताना ती बरणी वापरता येते, पण गाठोड्यात बांधली जात नाही. मग ताईनं सर्व्हरवरची जुनी पसरलेली प्रत काढून टाकली, नवी चढवली आणि टॉमकॅट पुन्हा सुरू केला. पान उघडलं. संध्याकाळचे सात वाजले होते.

एक शंका माझ्या मनात राहिलीच होती. मी विचारलं, "डेटाबेसशी बोलणारी ड्रायव्हरची बरणी पण दोन्हीकडे आहे असं तूच म्हणालीस. ती कशी भांडत नाही?" ताई म्हणाली, "वेबसाइट त्या ड्रायव्हरचं स्वतःचं नाव घेतच नाही बाई. ती नुसतं 'जोडणी' म्हणते. आणि 'जोडणी' म्हणजे काय, हे ठरवणारा करार जावाच्या मूळ क्लासांत आहे. तो आजीकडचा. सगळ्यांना एकच." मला पटलं. दोन घरची माणसं आपापल्या बोलीत भांडतील, पण वजन-मापं सरकारी असली की व्यवहार अडत नाही. जमेल तिथे असं सामाईक करारावर बोलावं, म्हणजे असले तंटे मुळातच कमी होतात. मग ताईनं ते 'माझ्या ओळखीचं' प्रकरणही प्रोग्रॅममधून हळूच काढून टाकलं. सायकली मोजायचं काम तिनं वाड्यावरच सोपवलं.

दुसऱ्या दिवशी एकोणीस पानं छापून झाली. प्रत्येकाच्या दप्तरात एकेक गेलं. नोव्हेंबरच्या अखेरीस एका कारखान्याजवळच्या शाळेतून फोन आला. तिकडच्या बाईंनी क्रमांक घालून नोंद पाहिली होती. आमच्या चौथीतल्या एका मुलीबद्दल त्या म्हणाल्या, "ही तर छान वाचते. चौथीतच बसवली आहे." बस्स! एवढ्यासाठीच तर सगळी धडपड होती.

आता मोठ्यांसाठी थोडं जास्त. एकाच नावाच्या दोघांचं भांडण दर वेळी याच रूपात येत नाही. त्याची आणखी सोंगं आहेत, ती ओळखता यायला हवीत.

पहिलं सोंग, 'क्लास सापडला, पण त्यातलं काम सापडत नाही'. जावा त्याला 'नो सच मेथड एरर' म्हणतो. हे कसं होतं? समजा अभ्यासक्रम बदलला. जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक, दोन्हींवर नाव तेच, 'इयत्ता चौथी, मराठी'. बाई म्हणाल्या, "पान बेचाळीसवरचा धडा काढा." ज्याच्याकडे जुनं पुस्तक त्याला तो धडा दिसणारच नाही. तो म्हणेल, "बाई, पुस्तक आहे, पण धडा नाही." तसंच एकाच बरणीच्या जुन्या आणि नव्या दोन आवृत्त्या फडताळात असल्या आणि जुनी आधी हाताला लागली, की हा एरर येतो. तेव्हा 'हे काम मी लिहिलंय की!' म्हणून आपला प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचू नये. कोणती आवृत्ती उघडली गेली ते बघावं.

दुसरं सोंग, 'क्लास सापडतच नाही'. बरणी खरोखर नसेल तर हे होतंच. पण कधी कधी बरणी डोळ्यांसमोर असूनही होतं! कोठीघरातल्या एखाद्या क्लासला बिऱ्हाडाच्या फडताळातलं काही हवं झालं तर? वाड्याच्या क्लासलोडरला बिऱ्हाडाची खोली दिसत नाही. मुलगी आईच्या डब्यात बघू शकते, आईला मुलीच्या डब्यातलं दिसत नाही. म्हणून काही अडलं की उचल बरणी आणि टाक कोठीघरात, ही सवय फार वाईट. आज एकाचं भागतं, उद्या चार बिऱ्हाडांत भांडणं लागतात.

तिसरं सोंग, 'लिंकेज एरर'. त्यात जावा सांगतो, की दोन क्लासलोडरांनी एकाच नावाचे दोन वेगळे क्लास पुढे केले, आता मी कोणावर विश्वास ठेवू?

सोंग कुठलंही असो, शोधायची रीत एकच. पूर्ण एरर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्यातलं क्लासचं संपूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. मग ते नाव कोणकोणत्या बरण्यांत आहे ते शोधा. मेव्हनकडे कोणती बरणी कुणामुळे आत आली याचा वंशवृक्ष मागता येतो. कारण पुष्कळदा आपण आणलेली एक बरणी गुपचूप आणखी चार बरण्या बरोबर घेऊन येते. जावा सुरू करताना 'व्हर्बोज क्लास' अशी सूचना दिली, तर तो प्रत्येक क्लास आणताना त्याचं नाव लिहीत जातो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो कुठून आणला तेही. यादी लांब येते, पण तिच्यात उत्तर असतं. त्या सर्व्हरवर जावा ८ होता, म्हणून ताईला ते प्रश्न स्वतः विचारावे लागले. नव्या जावात रूपांतराच्या एररमध्येच दोघांच्या क्लासलोडरांची नावं लिहून येतात. इतकं झालं की ठरवा, ही वस्तू खरी कुणाच्या मालकीची? वाड्याची की बिऱ्हाडाची? मालकाची ठेवा, दुसरी काढा, जुन्या प्रती पुसा, सर्व्हर पुन्हा सुरू करा, आणि तेच चार प्रश्न पुन्हा विचारून खात्री करा.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटली. संस्थेचा सर्व्हर बरोबर होता. ताईची वेबसाइट जुन्या जागी बरोबर चालत होती. जावाही बरोबर बोलत होता. तिघंही बरोबर, तरी काम अडलं! अशा वेळी 'चूक कुणाची?' म्हणत बसलं तर रात्र सरते. 'हे कुठून आलं?' असा प्रश्न विचारला की वाट सापडते. वर्गात दोघांचं भांडण आलं की हल्ली मीही तोच प्रश्न आधी विचारते.

आता तुमच्यासाठी घरचा अभ्यास! घरी किंवा शाळेत जावा असलेला संगणक मिळाला तर दोन गंमती करून बघा. पहिली, एखाद्या जार फाइलीची प्रत करा, तिचं आडनाव 'जार' बदलून 'झिप' करा आणि उघडा. बरणीचं झाकण उघडेल! आत 'मेटा-इन्फ' नावाचा कप्पा शोधा. दुसरी गंमत, एक छोटासा प्रोग्रॅम लिहा आणि तुमच्या स्वतःच्या क्लासला विचारा, "तुला कोणत्या क्लासलोडरनं आणलं?" मुलीचं नाव येईल. मग हाच प्रश्न त्या मूळ स्ट्रिंगला विचारा. उत्तर येईल 'नल', म्हणजे कुणीच नाही!

आता सांगा बरं, स्ट्रिंगला कुणीच आणलं नाही असं कसं होईल? विचार करा. एक इशारा देते, आजी आपलं नाव कुणाला सांगत नाही!